प्लेगचा उंदीर आणि इंदूरची दिवाळी

इंदूरच्या राजवाड्यापासून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर पोलोग्राउंड लागते. नाव मैदानाचे असले तरी आज तेथे मैदान उरलेले नाही. कारखान्यांच्या शेड, गोदामे, मालमोटारींची ये-जा आणि पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरविणाऱ्या कंपनीचे मुख्यालय असा तो परिसर आहे. संस्थानी काळातील घोड्यांच्या खेळाची खूण केवळ नावात राहिली. होळकरांच्या इंदुरात मोकळी मैदाने, बंगले आणि बागा एकीकडे, तर राजवाड्याभोवतीच्या दाट गल्ल्या दुसरीकडे, असे दोन संसार शेजारी शेजारी नांदत होते. प्लेगला भूक दुसऱ्या संसाराची होती.

त्या दुसऱ्या संसारात १९१७ साली एक त्रेसष्ट वर्षांचा स्कॉटिश गृहस्थ पायी हिंडत होता. पिंजारलेले केस, पांढरट दाढी, हातात नकाशा, आणि बोलणे इतके हळू की शेजारी उभ्या असलेल्यालाही अर्धे ऐकू यावे. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांनी त्याला शहराच्या सुधारणेचा आराखडा करण्यासाठी बोलाविले होते. गेडिस गल्लीबोळांतून जाताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली. लोक त्यांच्याकडे बोट दाखवीत, आपसांत कुजबुजत आणि चेहऱ्यावर भीती घेऊन बाजूला होत. बरोबरच्या सहायकाला त्यांनी कारण विचारले. उत्तर मिळाले ते असे, की हाच प्लेग आणणारा साहेब अशी लोकांची समजूत झाली आहे.

ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती वीस वर्षांच्या अनुभवातून तयार झाली होती, आणि गेडिस यांचे इंदुरातील काम समजून घ्यायचे तर आधी ती वीस वर्षे पाहिली पाहिजेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका डॉक्टरने तापाचे आणि काखेत, जांघेत गाठी आलेले रोगी तपासले आणि हा प्लेग असल्याचे निदान केले. ते डॉक्टर आपल्या बार्देशातील हडफड्याचे, अकासियो गाब्रियल व्हिएगस. निदान बरोबर ठरले, पण त्यानंतर शहराने जे केले ते रोगाइतकेच भयंकर होते. काही लाख लोक मुंबई सोडून पळाले. सरकारने रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात न्यायला सुरुवात केली, तेव्हा इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी वदंता उठली आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. पुण्यात सोजिरांनी घरे झडत्या घेऊन तपासली, देवघरे आणि माजघरे तुडविली, सामान रस्त्यावर जाळले. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी, १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या. एकच रोग, आणि माणसे त्याला सामोरी गेली ती इतक्या निरनिराळ्या वाटांनी. कोणी पळाले, कोणी लपविले, कोणी दगड उचलला, कोणी पिस्तूल, आणि एखादीने रोग्याला पाठीवर घेतले.

पुढे कारण कळले. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले, आणि काही वर्षांनी मुंबईतील प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. सामान्य माणसाला मात्र शास्त्राआधीच एक खूण माहीत झाली होती. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे. महाराष्ट्रात, माळव्यात गावेच्या गावे कुलपे घालून माळावर झोपड्यांत राहायला जात. हे वागणे अडाणीपणाचे नव्हते, उलट त्यात मोठे शहाणपण होते. परंतु त्याच शहाणपणाची दुसरी बाजू अशी, की मेलेला उंदीर सापडला तर तो गुपचूप शेजारच्या अंगणात टाकला जाई, घरातला रोगी माळ्यावर लपविला जाई, आणि मोजमापाची पट्टी घेऊन आलेला कोणीही माणूस यमदूत वाटे. कारण मोजमापानंतर पाडापाडी येते हे मुंबईने पाहिले होते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार न्यासाने रोगट म्हणून ठरविलेल्या वस्त्या पाडल्या, आणि तेथून उठलेली माणसे शेजारच्या वस्तीत आणखी दाटीवाटीने राहू लागली. रोगाला आणखी काय हवे होते?

गोमंतकीय वाचकाला हे नवे वाटू नये. आपली जुनी राजधानी साथींनीच ओस पाडली. जुन्या गोव्याच्या विहिरी दूषित झाल्या, पटकी आणि हिवताप यांनी घरे रिकामी केली, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीला हलविला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मागे उरली ती चर्चे आणि माड. रोगाच्या भीतीने माणूस घर सोडतो तसे राज्यही शहर सोडते. गेडिस यांचा सारा खटाटोप याच्या उलट दिशेचा होता. शहर न सोडता, घर न पाडता, रोगाला बाहेर कसे काढायचे हा त्यांचा प्रश्न होता.

हा माणूस मुळात नगररचनाकार नव्हता. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे त्यांचा जन्म झाला आणि बालपण पर्थमध्ये टेकडीच्या कुशीत, वडिलांच्या बागेत गेले. लंडनला टॉमस हक्सली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना पट्ट्या बांधून दिवसच्या दिवस काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्तास काम करणे पुढे जमेना. ज्याला पेशी पाहायची नाही त्याने पेशींचा समुदाय पाहावा, असे काहीसे त्यांच्या बाबतीत घडले. जीव आणि त्याची भोवतालची जागा हे नाते वनस्पतींमध्ये पाहता पाहता ते माणसांच्या वस्तीत पाहू लागले.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या जोडप्याने जे केले ते एडिनबरोच्या सुखवस्तू मंडळींना वेडेपणाचे वाटले. शहराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या, गलिच्छ चाळवजा इमारतीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. उपदेश केला नाही. आधी स्वतःची खोली धुतली, भिंतींना रंग दिला, खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांना हाताशी घेऊन अंगण साफ केले, जिने दुरुस्त केले, पडकी तेवढीच बांधकामे काढून प्रकाशाला वाट दिली. हळूहळू ती वस्ती राहण्याजोगी झाली आणि तेथेच विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली. पुढे हिंदुस्थानात तंजावरसंबंधीच्या अहवालात त्यांनी या पद्धतीला शल्यक्रियेची उपमा दिली. अवयव कापून टाकणारा नव्हे, तर तो वाचविणारा शल्यवैद्य त्यांना अभिप्रेत होता. १८८८ पासून तीस वर्षे ते डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण त्या पदावरचे त्यांचे लक्ष वर्षातून थोडेच महिने असे. उरलेल्या वेळात प्रदर्शने, व्याख्याने आणि कागदाच्या घड्या घालून काढलेल्या चौकटींच्या आकृत्या चालत. त्या आकृत्या त्यांच्या भक्तांनाही पुरत्या उमगल्या असतील असे वाटत नाही.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलँड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांनी आयुष्यभर जमविलेले नगरविषयक प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होते. महायुद्ध नुकतेच पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि नकाशे, चित्रे, आराखडे सारे हिंदी महासागराच्या तळाशी गेले. मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठविला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासचे प्रदर्शन भरले. त्यानंतर काही वर्षांत या माणसाने हिंदुस्थानातील सुमारे पन्नास शहरांविषयी अहवाल लिहिले. मंदिराची पुष्करिणी, पिंपळाचा पार, दारापुढची रांगोळी, अंगणातले तुळशीवृंदावन हे सारे त्यांना नगररचनेचे घटक वाटत. त्या काळच्या गोऱ्या अभियंत्याला ते अडथळे वाटत असत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा होता.

१९१७ हे वर्ष मात्र त्यांच्या घरावर कोसळले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ती बातमी आली तेव्हा अ‍ॅना हिंदुस्थानातच विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी मुलाचा मृत्यू पत्नीपासून लपविला. पलंगाशी बसून मुलाची आलेली जुनी पत्रे ते वाचून दाखवीत राहिले असे सांगतात. जूनमध्ये अ‍ॅना गेल्या, मुलगा जिवंत आहे या समजुतीतच. रोगाच्या भीतीने माणूस काय काय लपवितो हे त्यांना अशा रीतीने स्वतःच्या घरात कळले. इंदूरला ते आले ते या आघातानंतर काही महिन्यांतच. प्लेग आणणारा साहेब म्हणून ज्याच्याकडे लोक बोट दाखवीत होते, तो स्वतः एका साथीच्या रोगाने विधुर झालेला होता. हे गल्लीतल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इंदूर त्या वर्षी गजबजलेले शहर होते. कापडगिरण्यांची भरभराट सुरू झाली होती, गिरणगावात मजूर लोटत होते, धान्याची कोठारे भरलेली होती. दरबारची भाषा मराठी, आणि त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली इंदुरात भरले. भरभराट आणि दाटी बरोबर येतात, आणि कोठारांबरोबर उंदीर. गेडिस यांना दिसले ते असे, की मातीच्या भिंतींतली बिळे, वर्षानुवर्षे न उचललेला कचरा, पडक्या घरांचे ढिगारे आणि उघड्यावरचे धान्य ही उंदरांची खरी वसाहत आहे. उपाय साधा होता. घरे दुरुस्त करणे, ढिगारे उचलणे, उंदीर पकडणे. पण हे हुकुमाने करायला गेले तर लोक दारे लावून घेणार, हेही त्यांना गल्लीतल्या त्या बोटांनी शिकविले होते.

तेव्हा त्यांनी एक विलक्षण मागणी केली. आपल्याला एका दिवसापुरते महाराजपद द्यावे, म्हणजे त्या दिवसाच्या उत्सवाची सारी सूत्रे आपल्या हाती असावीत. तुकोजीरावांनी ती मान्य केली. हे श्रेय तुकोजीरावांचेही आहे. संस्थानिक आणि लहर हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की अशा लहरीतून निघालेले शहाणपण आपण सहसा मोजत नाही.

मग शहरात दवंडी पिटली. यंदाच्या दिवाळीत एक मोठी मिरवणूक निघेल. ती नेहमीच्या कोणत्याही धर्माच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर सर्वांत अधिक घरे साफसूफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल. कचरा घराबाहेर काढून ठेवावा, तो नेण्याची व्यवस्था दरबार विनामूल्य करील.

यातील चातुर्य पाहण्यासारखे आहे. दंड नाही, झडती नाही, साहेब घरात शिरत नाही. मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही इच्छा मात्र गल्लीगल्लीत जागी झाली, आणि शेजारच्या आळीने आधी चुना लावला तर आपली शोभा होईल ही धास्तीही. प्लेगची भीती माणसाला शेजाऱ्यापासून तोडते. येथे शेजाऱ्याशी लावलेली पैज सगळ्या आळीला एकत्र कामाला लावीत होती. घराघरांतून आणि परसांतून सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला असे गेडिस यांनी पुढे सांगितले आहे. हजारो उंदीर पकडले गेले. भिंती सारवल्या, रंगविल्या गेल्या, दारे दुरुस्त झाली. दिवाळीच्या आधी घर झाडून काढण्याची रीत आपल्याकडे होतीच. गेडिस यांनी तिला उंबऱ्याबाहेर, रस्त्यापर्यंत ओढून नेले.

मिरवणुकीचे वर्णन वाचताना गोव्यातील माणसाला नरकचतुर्दशीची पहाट आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे गावोगाव प्रचंड नरकासुर उभे राहतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जळतात. इंदुरातही असाच असुर होता, फक्त त्याचे रूप नवे होते. पुढे हत्ती, घोडे, उंट, गिरण्यांचे कापूस लादलेले रथ, धान्य आणि समृद्धीची देवता लक्ष्मी. त्यानंतर वाद्यांचा सूर बदलला, कर्कश आणि अभद्र झाला. आली ती पडक्या, कोंदट घरांची चित्ररूपे, रोगांचे राक्षस, हिवतापाचा थरथरत्या पायांचा महाकाय डास, आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. ज्याच्या नुसत्या प्रेताने घर रिकामे होत असे तो उंदीर आज भर रस्त्यात सर्वांसमोर चालला होता आणि पोरे त्याला पाहून ओरडत होती. ज्या गोष्टीचे नाव घरात घ्यायचे नाही ती चौकात आणून ठेवली की तिच्याविषयी बोलता येते. गेडिस यांना मानसशास्त्राची परिभाषा वापरण्याची आवश्यकता पडली नाही, लोकांचा उत्सव त्यांना ती विद्या शिकवून गेला.

त्या उंदराच्या मागून आले ते शहराचे झाडूवाले. कित्येक शतके ज्यांनी रस्त्याच्या कडेने चालायचे, त्यांनी या दिवशी रस्त्याच्या मध्यातून चालायचे होते. अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, डोक्याला नवे फेटे, गळ्यात फुलांच्या माळा, हातात नवे झाडू. त्यांच्या गाड्या ताज्या रंगविलेल्या, बैल धुऊन सजविलेले. लक्ष्मीपूजनाला आपल्या घरात नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलतात. केरसुणीला लक्ष्मी मानणाऱ्या समाजाने ती हातात धरणाऱ्याला मात्र गावाबाहेर ठेवले होते. मिरवणुकीने ही विसंगती कोणताही शब्द न उच्चारता सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडली. मोठ्या अधिकाऱ्यांनी आणि खुद्द गेडिस यांनीही त्या दिवशी झाडूवाल्यांसारखेच फेटे बांधले होते.

त्यांच्यानंतर आली एक नवीच देवता, इंदूर नगरी. तिच्या ध्वजावर नियोजित शहराचा नकाशा होता. मागून कारागिरांचे ताफे, होऊ घातलेल्या वास्तूंच्या प्रतिकृती, मुलांसाठी मिठाई, आणि शेवटी तुळशीच्या रोपांच्या कुंड्या, घरोघर वाटण्यासाठी. रात्री उद्यानात घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले आणि शोभेची दारू उडाली.

प्लेग ओसरला. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आपल्यापर्यंत मुख्यतः गेडिस यांच्याच तोंडून आले आहे. त्यांच्या शिष्या अमेलिया डेफ्रीज यांनी ते १९२७ च्या आपल्या पुस्तकात नोंदविले. गेडिस कसलेले कथेकरी होते आणि कथेकऱ्याच्या गाड्या मोजताना थोडी सूट द्यावी लागते. शिवाय प्लेगला ऋतू असतो. हवा बदलली की पिसवा कमी होतात आणि साथ आपोआपही उतरते. स्वतः गेडिस यांनाही ते ठाऊक होते. म्हणून मिरवणुकीने प्लेग मारला असे म्हणणे बरोबर होणार नाही. मिरवणुकीने केले ते निराळे. गल्लीत बोट दाखवून दूर होणारी माणसे आता त्याच म्हाताऱ्याला बोलावून आपले घर दाखवू लागली. प्लेग आणणाऱ्या साहेबाची प्लेग घालविणारा साहेब झाला. दोन्ही समजुती अतिशयोक्तीच्या, पण पहिलीने दारे बंद होत होती आणि दुसरीने उघडत होती. साथीच्या काळात राज्यकर्त्याला यापेक्षा मोठी मिळकत नाही.

झाडूवाल्यांचे काय झाले? त्या एका दिवसाच्या माळा दुसऱ्या दिवशी सुकल्या असणार. एका मिरवणुकीने जात मोडत नाही आणि गेडिस यांनी ती मोडण्याचा दावाही केला नाही. त्यांच्यावर टीका करायची तर येथेच करावी लागेल. परंपरेतले सौंदर्य त्यांना फार लवकर दिसे आणि त्यातले ओझे उशिरा. मंदिराची पुष्करिणी त्यांना शीतल वाटली, पण तिच्या पायऱ्यांवर कोणाला उतरू देत नाहीत हा प्रश्न त्यांच्या अहवालांच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. तरीही सफाई करणाऱ्याचा मान आणि शहराचे आरोग्य यांचा थेट संबंध आहे हे एका संस्थानाच्या राजधानीत, १९१७ साली, हजारो लोकांसमोर दाखविणे ही लहान गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी नियतीने या पद्धतीची मर्यादाही दाखविली. १९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझा आला. त्याला उंदीर लागत नव्हता, बीळ लागत नव्हते, कचऱ्याचा ढीगही लागत नव्हता. माणसाचा श्वास पुरत होता. सव्वा कोटी आणि काहींच्या मते त्याहूनही अधिक माणसे या देशात गेली. एकत्र येऊन उत्सव करणे हा प्लेगवरचा उपाय ठरला असेल, इन्फ्लुएंझात तेच एकत्र येणे घातक होते. आपणही २०२० मध्ये थाळ्या वाजविल्या आणि त्याच वर्षी एकमेकांपासून दूर राहायला शिकलो. प्रत्येक रोग माणसाकडून वेगळे वागणे मागतो आणि माणूस बहुधा मागच्या रोगाचे वागणे पुढच्याला देतो.

इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. त्यात नद्यांच्या काठाच्या बागा आहेत, गिरणी कामगारांची घरे आहेत, तळ्यांतील डासांच्या अळ्या खाण्यासाठी मासे पाळण्याची सूचना आहे, आणि जमिनीखालून प्रचंड खर्चाची गटारे घालण्याच्या योजनेला कडाडून विरोध आहे. मैला आणि सांडपाणी नजरेआड केले म्हणजे ते नाहीसे झाले असे मानू नये, ते मातीला परत देऊन बागा फुलवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. वाढत्या शहराला हा आग्रह पुरला नसता, हे खरे. पण नजरेआड गेलेल्या घाणीविषयीचा त्यांचा संशय खोटा ठरला नाही. २०१७ पासून वर्षामागून वर्ष देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविणाऱ्या इंदुरात, पोलोग्राउंडजवळच्या भागीरथपुरा वस्तीत, २०२५ च्या अखेरीस नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ते झाडलेले होते. घाण जमिनीखाली होती. ज्या रोगांनी अ‍ॅना गेडिस यांना नेले त्याच कुळातला हा रोग, पाण्यातून येणारा. त्या वस्तीतील माणूस आता नळाकडे ज्या नजरेने पाहत असेल, ती शंभर वर्षांपूर्वीच्या गल्लीतल्या नजरेहून फार वेगळी नसावी.

अहवालाच्या दुसऱ्या खंडात गेडिस यांनी इंदूरसाठी एक विद्यापीठही रेखाटले होते. ते त्या वेळी झाले नाही. इंदूरला विद्यापीठ मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. स्वतः गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. तेथे त्यांच्या वर्गात एक तरुण येऊन बसला, आपल्या शेजारच्या मालवणचा, गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस यांच्या शिफारशीने तो विलायतेला गेला आणि परत येऊन त्याच विभागाचा प्रमुख झाला. जात हा गुरूच्या अहवालांत कडेला राहिलेला विषय शिष्याने आपल्या अभ्यासाच्या मध्यभागी घेतला.

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ मध्ये गेडिस यांनी हिंदुस्थान सोडला आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे टेकडीवर दगड रचून स्वतःचे महाविद्यालय बांधायला घेतले. त्याच्या बागेत ते सत्तरी उलटल्यावरही कुदळ घेऊन राबत. १९१२ मध्ये नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि तो घेण्यासाठी ऐन हिवाळ्यात लंडनला जाऊन आले. १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले. इंदुरात त्यांच्या नावाची मिरवणूक पुन्हा निघाली नाही. दोन खंडांचा तो अहवाल मात्र नगररचनेचे विद्यार्थी आजही काढून वाचतात, आणि त्यातला नकाशा उलगडताना जुन्या गल्ल्यांची वळणे त्यांना ओळखू येतात. ती वळणे त्या म्हाताऱ्याने पुसली नव्हती.